इंजिनाचें व्याकरण

ट हा मूर्धन्य, क हा कंठ्य, हें फळ्यावर लिहितां लिहितां आमचें आयुष्य गेलें. ह्या विद्येचा उपयोग पुढें मोटारीच्या दुरुस्तीस होईल, असें भविष्य कोणी सांगितलें असतें, तर आम्हीं त्यास वेड्यांत काढलें असतें. परंतु तसें घडलें खरें.

आमचें घर चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हाकेच्या अंतरावर. अंगणांत १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. ती आमच्या वडील बंधूंची, म्हणजे दादांची. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें ही गाडी इटलींतील फियाटच्या नमुन्यावरून कुर्ल्यास बनविली. त्यामुळें नांव पद्मिनी असलें तरी आमच्या घरीं ती 'फियाट'च. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली, तेव्हां दादांनीं आपली गाडी धुऊन पुसून तिला झेंडूचा हार घातला. घरांतील मुलें हंसलीं. दादा मात्र हंसले नाहींत.

गेल्या उन्हाळ्यांत ह्या फियाटला दोन विकार जडले. इंजिनांतून एक बारीक आवाज अखंड येऊं लागला, हा पहिला. दुसरा अधिक चमत्कारिक. सकाळीं गाडी पहिल्या किल्लीस सुरू होई. पण थोडें फिरून बाजारांत थांबलें, कीं पुन्हां अर्धा तास सुरू होत नसे. एका कारागिरानें दुरूनच ऐकून निदान केलें : "बेअरिंग गेलें. इंजिन उतरवावें लागेल." खर्चाचा आंकडा ऐकून घर गप्प झालें. दादांचा मुलगा चाकणच्या एका नव्या मोटारींच्या कारखान्यांत आहे. तेथें संगणक जोडला कीं गाडी आपला दोष आपणच सांगते. तो म्हणाला, "काका, हिला संगणक जोडायला जागाच नाहीं. बाबांना तुम्हीच समजावा. आतां ही भंगारांत द्यावी."

दादा ह्यावर कांहींच बोलले नाहींत. एके काळीं गल्लीच्या तोंडाशीं आलेल्या गाडीचा आवाज ऐकून ते तिचा रोग सांगत. पण पिंपरीच्या एका कारखान्यांत, प्रेसच्या दणदणाटांत, त्यांचीं तीस वर्षें गेलीं होतीं. अशा गोंगाटानें कानाची शक्ति जाते ती प्रथम बारीक, उंच स्वरांची. जाड आवाज पुष्कळ दिवस ऐकूं येतात. हें दादांस ठाऊक होतें, पण घरांत त्याचा उच्चार करण्याची सोय नव्हती. त्या रात्रीं सगळीं निजल्यावर ते आमच्या खोलींत आले व म्हणाले, "भाऊ, तो आवाज मला ऐकूंच येत नाहीं. उद्यां तुझे कान मला उसने दे."

दुसरे दिवशीं आम्ही बॉनेटपाशीं उभे राहिलों. दादांनीं विचारलें, "कसा आवाज?" आम्हीं सांगितलें, "टकाराचा. स्पष्ट मूर्धन्य. कंठ्य नव्हे." दादांचा चेहरा उजळला. बेअरिंग गेलें तर आवाज खालून, जाड, दबका, घकारासारखा यावा; तो मलाही ऐकूं येता, असें ते म्हणाले. तरी त्यांनीं परीक्षा सोडली नाहीं. रबराची पक्कड घेऊन एकेका प्लगची तार क्षणभर काढली. त्या सिलिंडरांतील स्फोट थांबतांच बेअरिंगचा आवाज मंदावतो. आमचा टकार चारही वेळां तसाच राहिला. मग वरचें झांकण काढून, इंजिन मंद चालत असतां, आठ व्हॉल्व्हांच्या फटींत फीलर गेजची पातळ पट्टी क्रमानें सरकविली. सहाव्या फटींत पट्टी जातांच टकार लुप्त झाला; काढतांच पुन्हां प्रकट झाला. न्यायशास्त्रांत ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो पर्वतावरचा धूर सोडून आमच्या अंगणांत उतरला होता! टॅपेटची एक नट सैल झाली होती, एवढेंच. फट मापाची करून ती आंवळली.

दुसऱ्या विकारासही हाच न्याय लावला. तापलेल्या गाडींत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते, असा एक पक्ष. म्हणून पंपावर ओलें फडकें ठेविलें. फरक पडला नाहीं. मग प्लग काढून इंजिनाच्या धातूस टेकवून पाहिला. सकाळीं ठिणगी निळी व कडक पडत होती; तापल्यावर तीच पिवळट आणि मरगळलेली. दोष विजेचा ठरला. डिस्ट्रिब्यूटर उघडला, तों पॉइंट काळवंडलेले, आणि त्यांच्यामध्येंच ठिणग्या उडत होत्या. कंडेन्सर तापला कीं दगा देत होता. बोटाच्या पेराएवढी ती वस्तु नाना पेठेंतून आणविली व पॉइंटही बदलले.

मग मोशीपर्यंत गेलों. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे दादांनीं मुद्दाम इंजिन बंद केलें आणि आम्ही उन्हांत पंधरा मिनिटें बसलों. किल्ली फिरवितांच गाडी सुरू झाली. पुतण्या मागें बसला होता. तो पुढें वांकून हळूच म्हणाला, "काका, तो टकार मलाही एकदां ऐकायला हवा होता."

कारागिराची चूक आम्ही मोठी मानीत नाहीं. त्यानें ऐकलें, पण पारखलें नाहीं. आणि आपण सर्व जण घरांतल्या वडिलधाऱ्यांविषयीं रोज हेंच करीत असतों. 'आतां व्हायचेंच' म्हणून आपण मोकळे होतों, नि सैल झालेली नट एखादीच असते.

घरीं परतल्यावर दादांनीं किल्ली खुंटीस लावली आणि मुलास, चारचौघांदेखत, मोठ्यानें सांगितलें, "गाडीचें निदान झालें. उद्यां कानाच्या डॉक्टरांकडे माझें करून घेऊं."