बाजारातून आलेली बाई

दादा पॅरिसहून आला तेव्हा मला वाटलं, आता मोनालिसाची किचेन मिळणार. मिळालं एक पोस्टकार्ड. लूव्रमधल्या एका चित्राचं. "तुला स्वयंपाकघरं आवडतात ना," म्हणाला. (मला स्वयंपाकघरं आवडतात हे याला कोणी सांगितलं देव जाणे!) तेव्हापासून ते आमच्या फ्रीजवर आहे.

शार्दां नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं १७३९ सालचं चित्र. नावाचा अर्थ साधारण 'बाजारहाट करणारी'. डोक्याला पांढरी टोपी घातलेली मोलकरीण बाजारातून नुकतीच आलीय. दोन भलेमोठे पाव कपाटावर टेकवलेत, हातात फडक्याचं जड गाठोडं, पायाशी बाटल्या. मागच्या खोलीत पाण्याचं तांब्याचं पिंप, आणि त्याही पलीकडे दारात दुसरी एक मुलगी कोणाशी तरी बोलतेय. बस्स. त्या काळी मोठे चित्रकार म्हणजे देवदेवता नि लढाया रंगवणारे, आणि हा बाबा पाव रंगवतोय.

पुढे १७४२ मध्ये लेपिसिए नावाच्या कोरक्याने याची छापील प्रत काढली आणि खाली चार ओळी घातल्या. मतितार्थ असा, की बाई, तुझा थाट बघून वाटतं, कपड्यांचे पैसे तू घरखर्चातूनच काढतेस! हे वाचलं आणि मला एकदम आमची डोंबिवलीची ओटी आठवली.

१९८३ साल असेल. मी सहा वर्षांची. संध्याकाळी आई भाजीचा हिशेब सांगायची, आजोबा डायरीत लिहायचे. त्या दिवशी ती म्हणाली, "वांगी अर्धा किलो." मी लगेच, "आई, पण आपण तर पावशेरच घेतली!"

कोणी ओरडलं नाही. आजोबांनी पेनचं टोपण लावलं. दुसऱ्या दिवसापासून पिशवी घेऊन ते स्वतः बाजारात जाऊ लागले. (काका, वाचत असाल तर रागावू नका. आजोबा वाईट नव्हते, मला रोज पेपरमिंट आणायचे. पण हे घडलं होतं.)

ते पैसे टायपिंगच्या क्लासच्या फीचे होते, हे मला मावशीकडून कळलं, तेही माझ्या लग्नानंतर. त्या वर्षी क्लास सुटला तो सुटलाच. परीक्षा तिने पाच वर्षांनी दिली. या विषयावर आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो.

गेल्या दिवाळीत ती आली होती. फ्रीजमधून दूध काढताना कार्डाकडे बघत म्हणाली, "हिने ते ओझं आधी खाली का नाही ठेवलं?" मग मी त्या चार ओळींचं सांगितलं. "काढत असेल की," आई म्हणाली. मी कसाबसा तो वांग्यांचा विषय काढला.

ती जरा वेळ गप्प राहिली.

"वांगी नव्हती गं," म्हणाली, "तोंडली होती." आणि दूध तापत ठेवायला वळली.