जोडणीची घाई

मेटाफेज नीट पसरलेला असला की मला त्यापुढून उठवत नाही. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, कोल्सेमिड घालून विभाजन मध्येच थांबवायचं, पातळ क्षारद्रावणात त्या फुगवायच्या, स्लाइडवर थेंब टाकायचा, ट्रिप्सिन आणि गिम्साने गुणसूत्रांवर पट्टे उठवायचे. हे हाताचं काम. त्यानंतर नजरेचं.

या पट्ट्यांनी काय साधलं हे पाहायचं तर रक्ताच्या एका कर्करोगाचं उदाहरण घ्यावं. नोवेल आणि हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फियात त्या रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं. त्याचा तुकडा गळाला असावा असं वाटे. १९७३ मध्ये शिकागोत जॅनेट राउली यांनी पट्टे ताडून पाहिले, तेव्हा बाविसाव्या गुणसूत्राचा तो तुकडा नवव्याच्या टोकाला सापडला.

गुणसूत्र तुटणं ही काही दुर्मीळ आपत्ती नव्हे. किरणोत्सर्गाने तुटतं, नक्कल करताना अडखळून तुटतं. बीजपेशी घडताना तर पेशी स्वतःच ते जागोजाग कापते. घोटाळा होतो तो जोडताना. उघडी टोकं पेशीला सहन होत नाहीत. सोयीचा नमुना हाताशी नसेल तर ती जवळची दोन टोकं चिकटवून मोकळी होते. एकाच वेळी शेजारच्या दोन गुणसूत्रांत तूट पडली असेल, तर टोकांची अदलाबदल होते.

जोडणीतल्या घोटाळ्याचा दुसरा प्रकार मला अधिक भुरळ घालतो. पोथी उतरवताना दोन ओळींत तेच शब्द आले की लेखनिकाची नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. बाविसाव्या गुणसूत्रावर अगदी तसंच होतं. तिथे जवळपास सारखेच लांबलचक मजकूर थोड्या थोड्या अंतरावर आहेत. बीजपेशीत त्यांची चुकीची जोडी जमते आणि बहुतेक वेळा डीएनएची सुमारे तीस लाख अक्षरं वगळली जातात. म्हणूनच एकमेकांशी काडीचंही नातं नसलेल्या घरांतल्या मुलांमध्ये तोच तुकडा गेलेला आढळतो.

अकराव्या आणि बाविसाव्याची अदलाबदलही अशीच पुन्हा पुन्हा होते. दोन्हीकडे उलटसुलट सारखाच वाचला जाणारा मजकूर आहे. तो स्वतःवरच दुमडतो आणि तुटतो. धडधाकट पुरुषांच्या शुक्राणूंतही ही अदलाबदल नव्याने घडलेली सापडते.

हे सगळं मला ठाऊक असतं, आणि समोर वारंवार गर्भपात झालेलं जोडपं बसलेलं असतं. सोबत आलेली सासू म्हणते, “आधी हिचंच रक्त घ्या.” मी दोघांचं घ्यायला लावते, त्यावर वाद घालत नाही. अशा शंभर जोडप्यांत तीन-चार ठिकाणी दोघांपैकी एकात संतुलित अदलाबदल निघते. कधी चौदावं आणि एकविसावं एकत्र जुळून मोजणी पंचेचाळीस भरते, आणि माणूस ठणठणीत. हजारात एखाद्यात गुणसूत्रांची अशी काही ना काही जुळणी असतेच. तुकड्यांचा हिशेब त्याच्यात पूर्ण असतो. बीजपेशीत वाटणी होताना तो बिघडतो.

“डॉक्टर, चूक कुणाची?” हा प्रश्न मात्र चुकत नाही. अशा वेळी मी कागदावर दोन्ही गुणसूत्रं काढते, तुटीची जागा दाखवते आणि पुढच्या गरोदरपणात कोणती तपासणी कधी करायची ते तिथेच लिहून देते.