अडीचशेवर काटा

माझ्या दुकानात बीपी मोजायचं एक जुनं यंत्र आहे. सेवाग्रामात मेडिकल कॉलेज असल्यानं भंगारात असली यंत्रं सापडतात. पण स्कूटरच्या गॅरेजात ते कशाला, असं नवा माणूस विचारतोच. दंडाला बांधायचा पट्टा मी काढून टाकला. रबरी फुगा, नळी आणि डायल एवढंच ठेवलं. टू-स्ट्रोक इंजिन मला खऱ्या अर्थानं या तीन वस्तूंनी शिकवलं, आणि तेही धंद्यात अकरा वर्षं गेल्यावर.

तोवर मी कानानं, नाकानं आणि डोळ्यानं काम करत होतो. प्लग काढावा, टोक बघावं. कॉफीच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर. काळं, ओलं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरं पडलं असेल तर इंजिन आतून भाजतंय. हे आजही खरं आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो, तापलेली हवा विरळ होते आणि डिसेंबरात सुरेख पळणारी आरएक्स १०० मोटरसायकल घुटमळायला लागते. कार्बोरेटरमधली सुई एक खाच खाली उतरवली की मोकळी होते. थंडी आली की सुई पुन्हा वर. हात बसला की असल्या कामात फार आनंद असतो, आणि त्या आनंदात माणूस चुकतो.

पवनारकडून दूध घेऊन येणारे एक काका होते. जुनी बजाज चेतक, दोन्ही बाजूंना कॅन. "भाऊ, गाडी मिसिंग मारून रायली," म्हणाले. मी पॉइंट घासला, फीलर गेज लावून गॅप बसवली, जेट फुंकला, सायलेन्सरमधला कोळसा काढला. एक गोष्ट मला दिसली होती: एक्सलेटर सोडल्यावरही रेस लगेच उतरत नव्हती. मी केबलला तेल सोडलं आणि गाडी दिली. गावाच्या अलीकडे पिस्टन जाम झाला, मागचं चाक अडकलं, काका पडले. खरचटण्यावर निभावलं. त्या दिवसाचं दूध मात्र रस्त्यावर गेलं.

इंजिन उघडल्यावर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील निघालं ते सुकलेल्या चिंचेच्या सालीसारखं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची पेटीही श्वास घेते. पिस्टन वर जाताना ती मिश्रण आत ओढते, खाली येताना तेच पोर्टातून वर ढकलते. सील फाटलं की ती कार्बोरेटरला न विचारता हवा घेऊ लागते. आणि या इंजिनाला खाली तेलाचा साठा नसतो; चेतकचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, लिटरला २० मिलिलिटर. चोरून आलेल्या हवेबरोबर पेट्रोलही येत नाही आणि तेलही. इंजिन तापतं आणि त्याच वेळी कोरडंही पडतं. न उतरणारी रेस मला हेच सांगत होती. मी केबलला तेल देत बसलो.

तेव्हापासून उघडलेलं इंजिन बंद केलं की कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड रबरानं बुजवतो, प्लगच्या भोकातून नळी लावतो आणि फुगा दाबत काटा २५०वर नेतो. सहा मिनिटांत काटा उतरला तर साबणाचं पाणी. बुडबुडे जिथे, गळती तिथे.

यंत्राच्या दुरुस्तीचा विचार निघाला की मला गांधीजींचा आश्रम आठवतो; तो माझ्या दुकानापासून चालत जाण्याएवढा. १९२९ साली त्यांच्या अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. किंमत १५० रुपयांच्या आत हवी, चरखा किमान २० वर्षं चालायला हवा, आणि वर्षाच्या देखभालीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये, अशा अटी होत्या. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण ती ५ टक्क्यांची अट मला फार मोठी वाटते. यंत्र जन्माला येण्याआधीच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब कुणीतरी मांडला होता, आणि तोही ते चालवणाऱ्या बाईच्या बाजूनं. १९४५ साली बजाज घराण्याची जी बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली तिचीच पुढे बजाज ऑटो झाली, आणि ज्या जमनालालजींमुळे गांधीजी इथे आले ते त्याच घराण्याचे. म्हणून चेतक दारात आली की मला ती याच मातीतली वाटते. एक पाना, एक पेचकस, एक प्लगचा पाना. मालक तिला स्वतः उघडू शकतो.

माझ्याकडे शिकलेला एक मुलगा आता मालवणात आहे. परवा त्याचा फोन आला. उभ्यानं चालवायची जुनी जेट-स्की, तीही टू-स्ट्रोक. तीन वेळा जेट बदलले, तरी एक्सलेटर सोडल्यावर रेस चढलेलीच. खाऱ्या पाण्यानं सील लवकर मरतात. "जेटला हात लावू नको," मी म्हणालो, "आधी बीपी बघ."

काकांची चेतक अजून माझ्याकडेच येते. या दिवाळीत पुन्हा दोन्ही सील बदलली. फुगा दाबला, काटा २५०वर नेला, खिळ्यावरचं घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं. काका बाकावर बसून डायलकडे बघत होते, मीही.