द्रास : जिथे ट्रकला हळूहळू जागे करावे लागते

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा आहे. सोनमर्ग मागे पडले की झोजिलाची चढण सुरू होते. 3,528 मीटर उंचीची ही खिंड ओलांडली की काश्मीरची झाडी संपते आणि उघडेबोडके डोंगर लागतात. त्या डोंगरांच्या कुशीतले पहिले मोठे गाव म्हणजे द्रास. 1999 च्या कारगिल युद्धाने हे नाव आपल्या घराघरांत पोहोचवले. गावातल्या पाटीवर मात्र वेगळाच मान लिहिलेला आहे : जगातील दुसऱ्या क्रमांकाची थंड वस्ती.

लेहहून परतताना नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही तिघे, म्हणजे आम्ही उभयता आणि धाकटे बंधू, येथे दोन रात्री अडकलो. झोजिलावर बर्फ पडल्याने खाली जाणारी वाहतूक थांबवली होती. एका घरात उतरायला जागा मिळाली. घरच्या लोकांची आपसातली बोली शिना, आमच्याशी मात्र उर्दू. सलाम झाला, मीठ घातलेला गुलाबी चहा समोर आला आणि परकेपणा तिथेच संपला.

घरासमोरच्या मोकळ्या जागेत सात-आठ ट्रक उभे होते. त्यांत एक जुनी टाटा सोळा-तेरा होती, रंग उडालेली, पण काचेवर अजून झालर मिरवणारी. ती वर लेहकडे निघाली होती. आत कांदा आणि बटाटा. पोत्यांच्या चारी बाजूंनी गवताच्या पेंढ्या आणि जुन्या रजया कोंबलेल्या. कारण विचारले तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, “माल गोठला की संपला. वर पोहोचून ऊन लागले की पाणी सुटते, मग कुणी फुकटही घेत नाही.” त्यांचे वय साठीच्या आसपास होते. क्लीनर पोरगा त्यांना उस्ताद म्हणे, आम्हीही तेच म्हणू लागलो.

रस्ता बंद होण्याआधीची ही त्यांची शेवटची खेप होती. माल उतरवून झोजिला पूर्ण मिटण्यापूर्वी त्यांना परत खाली जायचे होते. खिंड मिटली तर गाडी वरच अडकणार आणि हप्ते मात्र चालू राहणार. म्हणजे एक सकाळ वाया जाणे हा त्यांच्यासाठी थोडा उशीर नव्हता.

आमच्या घराण्यात मिरजेकडे डिझेल पंप आणि नोझलचे काम दोन पिढ्यांपासून आहे. त्यामुळे रात्री उस्तादांनी काय काय केले हे आम्ही लक्ष देऊन पाहिले. इंजिन बंद करताच त्यांनी रेडिएटरचे पाणी खाली सोडून दिले. गाडी जुनी, आत साधे पाणी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकसुद्धा तडकवते. मग दोन्ही बॅटऱ्या काढून क्लीनरने त्या घरात आणून ठेवल्या. कडक थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाला ताकद जास्त लागते. शेवटी बोनेटवर रजई, तिच्यावर ताडपत्री. लहान मुलाला पांघरूण घालावे तसे.

थंडीत डिझेलची गाडी का हटून बसते, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापून पाचशे अंशांच्या वर जाते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. उणे चौदा-पंधरा अंशांत हवा आधीच गार, सिलिंडरचे लोखंडही तितकेच गार, ते दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेते. त्यात द्रासची उंची सव्वातीन हजार मीटरच्या घरात. हवा विरळ, म्हणजे दाबायलाही कमी. तिकडे चेंबरमधले ऑइल काकवीसारखे घट्ट झालेले असते, म्हणून इंजिन जड फिरते. जड फिरले की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि उरलीसुरली गरमीही जाते.

आणि डिझेल? थंडीच्या दिवसांत आपल्या घरी खोबरेल तेलाची बाटली पांढरी पडून घट्ट होते, तसेच काहीसे. डिझेलमध्ये मुळात थोडे मेण असते. गारठ्यात त्याचे कण वेगळे होतात, आधी डिझेल गढूळ दिसते, मग ते कण फिल्टरमध्ये अडकतात. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते.

पहाटे अजानच्या आधीच घरातल्या खाला उठल्या होत्या. बुखारीवर दोन मोठी पातेली चढलेली. एकातले पाणी वजूसाठी, दुसऱ्यातले बाहेरच्या गाड्यांसाठी. आम्ही नवल केले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “गाड्या हलल्या नाहीत तर भाजी कुठून येणार? आमच्या सासूबाईही हेच करत.” फजरची नमाज झाली आणि कामाला सुरुवात झाली.

क्लीनरने पत्र्याच्या घमेल्यात निखारे घेतले आणि ते ऑइल चेंबरखाली सरकवले. ज्वाळा नाही, फक्त धग. आधी खाली कुठे डिझेल ठिबकलेले नाही ना, हे उस्तादांनी वाकून पाहिले. डिझेलच्या टाकीजवळ त्यांनी निखारा येऊ दिला नाही. टाकी, पाइप आणि फिल्टर यांच्यावर फडकी गुंडाळली आणि त्यांवर गरम पाणी थोडे थोडे ओतले. रेडिएटरमध्येही आधी कोमट, मग जरा गरम पाणी. “गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर काय होते? लोखंडही तसेच,” ते म्हणाले.

या सगळ्याला पाऊण तास गेला. शेजारच्या गाडीचा तरुण ड्रायव्हर मात्र सेल्फवर सेल्फ मारत होता. त्याची बॅटरी कण्हत कण्हत उतरली. मग त्याने एअर फिल्टर उघडून इंजिनच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचे ठरवले. असे करून गाड्या सुरू होतात हे खरे आहे, पण गाड्या पेटतातही. उस्तादांनी त्याच्या हातातून बोळा घेतला आणि जमिनीवर विझवला. एवढेच म्हणाले, “बेटा, ती झोपली आहे. तिला मारू नकोस, उठव.”

मग आमच्या धाकट्या बंधूंच्या हाताला काम मिळाले. पंपाचा एअर काढायचा स्क्रू सैल करून त्यांनी हँड प्रायमर मारायला घेतला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. स्क्रू घट्ट झाला. ऊबदार बॅटऱ्या जागेवर बसल्या. उस्ताद चढले, क्लच पूर्ण दाबला, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचे ओझे इंजिनावर पडत नाही. बिस्मिल्लाह म्हणून दहा सेकंद सेल्फ. थांबले. मिनिटभर बॅटरीला आणि सेल्फला विसावा. पुन्हा दहा सेकंद. धुराड्यातून पांढरा धूर आला. डिझेल आत पोहोचले, अजून पेटत नाही, एवढा त्याचा अर्थ. तिसऱ्या वेळी एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, गाडी थरथरली आणि साही सिलिंडर लयीत आले. उस्तादांनी रेस दिली नाही. ऑइल पातळ होऊन वरपर्यंत चढायला वेळ लागतो. तोवर जोर केला तर कोरडे लोखंड लोखंडावर घासते.

आम्हाला वाटले, आता ते निघतील. कांदा गोठत होता, ऊन वर येत होते. पण त्यांनी गाडी तरुणाच्या ट्रकजवळ आणली, जाड वायर काढली आणि आपल्या बॅटरीवरून त्याच्या बॅटरीला जोडली. शेवटची गाडी सुरू होईपर्यंत दीड तास गेला. तोवर सुरू झालेली एकही गाडी तिथून हलली नव्हती. हा कुठल्या कायद्यात लिहिलेला नियम नाही. उस्तादांनी सांगितले, “आज माझी उठली, उद्या उठेलच असे नाही. अल्लाहने ज्याला आधी दिले, त्याने आधी निघून जायचे नसते.”

आता दिवस पालटत आहेत. नोव्हेंबर 2019 पासून इंडियन ऑइलने लडाखसारख्या भागासाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहते. नव्या गाड्यांत रेडिएटरमध्ये न गोठणारे कूलंट असते. जानेवारी 2025 मध्ये सोनमर्गचा बोगदा खुला झाला आणि झोजिलाखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचे काम सुरू आहे. तो झाला की शेवटच्या खेपेची ही धास्ती उरणार नाही. ज्यांचे पोट या रस्त्यावर आहे, त्यांच्यासाठी हे आनंदाचेच आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या रात्री गारठा हाडांत शिरत होता, तरी केबिनमध्ये झोपलेल्या क्लीनरला उस्तादांनी शेगडी आत नेऊ दिली नाही. दोन रजया जास्त दिल्या. खालांनी आमच्या खोलीतली बुखारी झोपण्यापूर्वी विझवली आणि खिडकीची फट उघडी ठेवली. बंद जागेत निखारे जळले किंवा इंजिन चालू राहिले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी पेटवणारी घरे आहेत, बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावणारीही आहेत. धोका तोच आहे.

इकडे लेहच्या बाजारातला कांदा पाहून कुणाला त्यामागची पहाट दिसत नाही, जशी आपल्याला आपल्या मंडईत दिसत नाही. तो तिथवर येतो, त्यात डिझेलचा वाटा आहे, रस्त्यावरचे बर्फ उपसणाऱ्या हातांचा आहे, बोनेटवर रजई घालणाऱ्या उस्तादांचा आहे आणि पहाटे दुसरे पातेले चढवणाऱ्या एका घरधनिणीचाही आहे. ट्रकवाल्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. पण हिवाळ्यात दुआसाठी हात उठतील तेव्हा रस्त्यावर असलेल्यांसाठी त्यात एक वाक्य जरूर असावे.