डोंबिवली-नागपूर, व्हाया विमान

मुंबई-नागपूर विमानाला किती वेळ लागतो? तिकिटावर साधारण दीड तास. हवाई अंतर जेमतेम सातशे किलोमीटर. सही ना? पण बॉस, हे गणित अंधेरी-पार्ल्यात राहणाऱ्यांचं. आपण डोंबिवलीकर. आपला विमानप्रवास सुरू होतो तो फलाटावरून.

लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि मग भुयारी मेट्रोने टी-2. कागदावर एकदम सुटसुटीत. सकाळी आठच्या फास्टमध्ये ट्रॉली बॅग घेऊन चढून दाखवा, मग बोलू! पहाटेचं विमान असेल तर लोकलचा विषयच नाही. टॅक्सी करायची आणि मध्यरात्री उठून बसायचं. घर ते टी-2 दीड-दोन तास, विमानाच्या आधीचे दोन तास, हवेतला दीड, बॅग येईपर्यंत अर्धा. नागपूरचा विमानतळ शहरातच, सोनेगावला, त्यामुळे पुढे फार तर अर्धा-पाऊण तास (नागपूरकरांनो, जळतो आम्ही). झाले की नाही साडेसहा तास?

आता म्हणाल, 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडायला लागलीत की! बरोबर. पण नकाशावर पट्टी ठेवून बघा. ठाण्याला टी-2 जवळ, कल्याणला नवी मुंबई. आणि डोंबिवली? स्टेशनपासून दोन्ही विमानतळ सरळ रेषेत साधारण 25 किलोमीटर. म्हणजे आपण अगदी कुंपणावर! फरक एवढाच, की टी-2 कडे रूळ जातात आणि नवी मुंबईकडे जाताना शीळफाटा आडवा येतो. तिथल्या ट्रॅफिकला सरळ रेषा वगैरे काही कळत नाही. (गंमत म्हणजे कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे. पण तिथे आता विमान नाही, जमिनीचा वाद आहे. 2017 मध्ये तो चांगलाच पेटला होता.)

जून 2025 पासून आणखी एक पर्याय आलाय. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पोहोचलाय, म्हणजे कल्याणच्या अगदी उशाशी. आठ तासांत नागपूर म्हणतात. मित्रमंडळी असतील आणि ड्रायव्हिंग वाटून घेणारं कुणी असेल तर मस्तच. एकट्याने, आठवडाभर ऑफिस करून? नकोच. सरळ रस्त्यावर डुलकी फार लवकर लागते.

मुळात नागपूरला आईबाबा असलेल्याला तास मोजायचे नसतात, जेवणं मोजायची असतात. शनिवार-रविवारात घरची किती पदरात पडतात? म्हणून शुक्रवारी पवई किंवा बीकेसीतल्या ऑफिसातून थेट विमानतळ गाठा, घरी येऊच नका. डोंबिवलीचा फेरा वाचला की विमान खरंच झटपट वाटतं. रात्रीचं जेवण उशिरा का होईना, घरी. परतताना मात्र विदर्भ एक्सप्रेस. ती कल्याणला थांबते, प्रवास झोपेत उरकतो आणि पहाटे उतरून आंघोळीला आपण आपल्या घरी. फक्त गाडी नागपुरातून संध्याकाळी निघते, तेव्हा रविवारचा चहा जरा लवकर मागून घ्या. डबा मागावा लागणार नाही, तो आईने भरलेलाच असतो.