बर्फातलं इंजिन, विहिरीवरचं इंजिन

आपल्या वेंगुर्ल्यात बर्फ बघायचा तर तो बंदरावर, मासळीच्या टोपल्यांत! त्यामुळे कॅनडातला माझा मामेभाऊ ‘आधी मशीनने अंगणातला बर्फ उडवतो, मगच गाडी बाहेर निघते’ असं सांगू लागला, तेव्हा मला गंमतच वाटली. पण मशीनचा फोटो पाहिला आणि म्हटलं, अरे, या इंजिनाला तर मी ओळखतो! विहिरीवरच्या पेट्रोल पंपाचं हे सख्खं भावंड.

एकच सिलिंडर. वारा लागून थंड व्हावा म्हणून त्याच्या बाहेरून धातूच्या पातळ पट्ट्या. दोरी ओढली की सुरू. हवा-पेट्रोल आत घ्यायचं, दाबायचं, ठिणगीने पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. ही चार कामं, म्हणून ‘फोर-स्ट्रोक’. बर्फातल्या इंजिनाला तेल तेवढं पातळ लागतं, कारण कडाक्याच्या थंडीत जाड तेल वाहतच नाही. आणखी एक मजा सांगू? त्यांतल्या बऱ्याच इंजिनांना एअर फिल्टरच नसतो. बर्फावर धूळ कुठली उडणार? उलट फिल्टर ओला होऊन गोठला, तर इंजिनच गुदमरायचं! तेच इंजिन आपल्या तांबड्या मातीत मे महिन्यात चालवून बघा. धुळीने सिलिंडर घासून निघेल.

धूर मात्र दोघांचा सारखाच. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तिकडे बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू केलं की तो जिवावर उठतो. आपल्याकडे गॅरेज नाही, पण विहीर आहे ना!

उन्हाळ्यात गाळ काढायला विहीर उपसतात. पंप काठावर असला, की तो पाणी ‘ओढतो’ असं आपल्याला वाटतं. खरं तर तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब फार तर 10 मीटरपर्यंत पुरतो, प्रत्यक्षात 7-8 मीटरच. मग खोल विहिरीवर कुणीतरी म्हणतंच, “मशीन खाली सोडा रे, हयसून पाणी चढूचा नाय!” हिशेब बरोबर, पण उपाय जीवघेणा. विहिरीत वारा नाही, धूर तिथेच साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, आणि शिडी चढायची ताकदच उरत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच पडतो. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

आजोबा म्हणतील, आधी कंदील सोडून बघा. प्राणवायू कमी असला तर कंदील विझतो, हे खरं. पण माणसाला मारणारा थोडासा कार्बन मोनॉक्साइड असला, तरी तो खुशाल जळत राहतो! शिवाय खाली पेट्रोलची वाफ असली, तर भडकाच. खोल विहिरीला पाण्यात बुडणारा विजेचा पंप बरा. त्याला धूरच नाही. मात्र तो चालू असताना कुणी पाण्यात उतरायचं नाही.

आणि कुणी आत कोसळलंच, तर तुम्ही उतरू नका, दुसऱ्यालाही उतरू देऊ नका. माणसं गोळा करा, 112 ला फोन लावा. अग्निशमन दलाचे जवान पाठीवर हवेची टाकी बांधून उतरतात.