वाटेवरचं कोयनानगर

भाचीकडे बारशाला चिपळूणला निघाले होते, तर वाटेत कोयनानगरला उतरले. धरण पाहायचं कधीचं मनात होतं.

हेळवाकपाशी कोयना पूर्वेला वळते नि कराडला कृष्णेला मिळते, हे शाळेत घोकलेलं. पण शिवाजीसागरातलं पुष्कळसं पाणी तिकडे जातच नाही! बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, चारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, पोफळीला जमिनीखालची जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. ते पुन्हा वर कोण आणणार? म्हणून पाऊस कमी झाला की सांगली-साताऱ्याची शेती आधी की वीज, हा वाद उठतोच. पहिल्या लवादाने तर पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली.

संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम लागतात. कोळशाची भट्टी तापायला तास लागतात. पाणी सोडलं की मिनिटांत वीज. तेव्हा कोयना हवीच.

चहाच्या टपरीवरच्या मावशींच्या सासऱ्यांची जमीन धरणात गेलेली. “उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते काठावर जाऊन बसायचे,” त्या म्हणाल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं विचारलं, तर नुसती मान हलवली.

चिपळूणला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुलाखाली वाशिष्ठी वाहत होती.

“मावशी, किती गं उशीर!” भाची दारातच म्हणाली.